सक्तीचे मत, पसंतीचा क्रम आणि घराचा हप्ता: ऑस्ट्रेलियातील राजकीय वाद कसे वाचावेत

ऑस्ट्रेलियातील लोक समाजमाध्यमांवर राजकारणाविषयी जे वाद घालतात, ते भारतातून वाचणाऱ्याला सुरुवातीला बुचकळ्यात टाकतात. निवडणूक तोंडावर आलेली असते, पण चर्चा चाललेली असते ती गृहकर्जाच्या व्याजदराची, डॉक्टरच्या फीची, निवृत्तीसाठी कापल्या जाणाऱ्या रकमेची आणि विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कर्जाची. मोठमोठ्या तात्त्विक घोषणा तिथेही आहेत, परंतु वाद फिरून फिरून घरखर्चावर येतो. त्यातच ‘प्रेफरन्स’, ‘निगेटिव्ह गिअरिंग’, ‘बल्क बिलिंग’ असे शब्द कोणीही उलगडून न सांगता वापरतात, कारण तिथल्या माणसाला ते रोजचेच असतात. हे वाद घरखर्चाभोवती का फिरतात याचे बरेचसे उत्तर त्या देशाच्या निवडणूक नियमांत आहे, असे माझे मत आहे. म्हणून प्रथम नियम पाहू आणि मग वादांकडे वळू.

ऑस्ट्रेलियात मतदान हे कायद्याने बंधनकारक कर्तव्य आहे. १९२२ च्या संघीय निवडणुकीत मतदानाचे प्रमाण साठ टक्क्यांच्याही खाली गेले, तेव्हा टास्मानिया राज्याचे सिनेटर, म्हणजे राज्यसभेसारख्या वरच्या सभागृहाचे सदस्य, हर्बर्ट पेन यांनी खासगी विधेयक मांडले आणि १९२४ मध्ये फारसा वादविवाद न होता ते मंजूर झाले. पुढच्याच, म्हणजे १९२५ च्या निवडणुकीत मतदान नव्वद टक्क्यांच्या वर गेले, आणि शंभर वर्षांनंतरही ते साधारण नव्वद टक्क्यांच्या आसपासच आहे. संघीय निवडणुकीत मत न देणाऱ्याला आधी कारण विचारणारी नोटीस येते. कारण पटण्यासारखे नसेल तर २० डॉलर दंड होतो. ही रक्कम फार नाही. प्रमाण टिकून आहे त्याचे श्रेय दंडापेक्षा सोयीला अधिक द्यावे लागेल. मतदान शनिवारी होते, त्याआधीही अनेक दिवस केंद्रे उघडी असतात, टपालाने मत देता येते, आणि बहुतेक केंद्रे शाळांमध्ये असल्याने तिथली पालक मंडळे बाहेर शेगडी मांडून पावाच्या तुकड्यात सॉसेज आणि परतलेला कांदा घालून विकतात व त्यातून शाळेसाठी निधी उभा करतात. या ‘डेमॉक्रसी सॉसेज’ला इतके स्थान मिळाले आहे की २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय शब्दकोश केंद्राने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला.

सक्तीचा परिणाम राजकीय प्रचारावर होतो, आणि ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. जिथे मतदान ऐच्छिक असते तिथे पक्षाची अर्धी शक्ती आपल्याच समर्थकांना घराबाहेर काढण्यात खर्च होते, आणि त्यासाठी त्यांना चिथावणे, घाबरवणे, अभिमान जागवणे हे सोपे मार्ग असतात. ऑस्ट्रेलियात समर्थक तर येणारच आहेत, विरोधकही येणारच आहेत. प्रश्न उरतो तो राजकारणात रस नसलेल्या, दोन मुलांना शाळेत सोडून कामावर जाणाऱ्या, बातम्या क्वचित पाहणाऱ्या मतदाराचा. तोही केंद्रावर येणार असतो, आणि निकाल बहुधा त्याच्याच हातात असतो. त्याच्याशी बोलायचे तर त्याच्या बिलांविषयीच बोलावे लागते. २०२५ च्या प्रचारात पंतप्रधान अँथनी अल्बनीझी सभांमधून आपले हिरवे मेडिकेअर कार्ड उंचावून दाखवत असत, ते याच कारणाने. मेडिकेअर ही १९८४ पासून चालत आलेली सार्वजनिक आरोग्य विमा योजना आहे. डॉक्टरने सर्व फी थेट सरकारकडून घेतली आणि रुग्णाकडून काहीच घेतले नाही, तर त्याला ‘बल्क बिलिंग’ म्हणतात. डॉक्टरने जास्त फी लावली, तर वरचा फरक रुग्ण खिशातून भरतो. अल्बनीझी यांनी बल्क बिलिंग वाढवण्यासाठी ८५० कोटी डॉलरचे आश्वासन दिले, तेव्हा विरोधकांनीही लगेच तितकीच रक्कम देऊ केली. मधल्या मतदाराची भीती दोन्ही बाजूंना सारखीच असल्याचे हे लक्षण होते.

आता पसंतीक्रम, म्हणजे तिथला ‘प्रेफरन्स’. हा भाग थोडा सावकाश वाचावा लागेल, पण महाराष्ट्रातल्या ज्या वाचकांनी विधान परिषदेच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात मत दिले आहे, त्यांना याची कल्पना असेल. तिथे आपण शिक्का मारत नाही, तर उमेदवारांच्या नावांसमोर १, २, ३ असे आकडे लिहितो. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहासाठी, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहासाठी, हीच पद्धत वापरतात. फरक एवढाच की तिथे मतपत्रिकेवरील प्रत्येक उमेदवाराला क्रमांक द्यावा लागतो. आठ उमेदवार असतील तर एक ते आठ असे सगळे आकडे लिहिले पाहिजेत, नाहीतर मत बाद होऊ शकते.

एक काल्पनिक मतदारसंघ घेऊ. समजा, ९०,००० वैध मते पडली. पहिल्या पसंतीची मते मोजल्यावर लिबरल उमेदवाराला ३६,०००, लेबरला ३०,०००, ग्रीन्सला १४,००० आणि वन नेशनला १०,००० मिळाली. (लिबरल हा नावावरून वाटतो त्याच्या उलट उजवीकडे झुकणारा पक्ष आहे, आणि नॅशनल पक्षाबरोबर त्याची बहुधा युती असते. लेबर हा कामगार संघटनांतून उभा राहिलेला पक्ष आहे. ग्रीन्स हा डावीकडे झुकणारा पर्यावरणवादी पक्ष, तर वन नेशन हा कडवा उजवा पक्ष आहे.) भारतात असते तर लिबरल उमेदवार इथेच विजयी झाला असता. ऑस्ट्रेलियात विजयासाठी निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान ४५,००१ मते हवीत. म्हणून शेवटच्या क्रमांकाचा वन नेशनचा उमेदवार बाहेर काढतात आणि त्याच्या १०,००० मतपत्रिकांवर दुसरी पसंती कोणाला आहे ते पाहतात. समजा, त्यांतल्या ७,००० लिबरलकडे, २,००० लेबरकडे आणि १,००० ग्रीन्सकडे गेल्या. आता लिबरल ४३,०००, लेबर ३२,००० आणि ग्रीन्स १५,०००. अजून कोणी निम्म्यापलीकडे गेलेले नाही, म्हणून ग्रीन्सचा उमेदवार बाहेर जातो. त्याच्या मतदारांपैकी १३,५०० जणांनी लिबरलपेक्षा लेबरला वर ठेवले आहे आणि १,५०० जणांनी उलट. शेवटी लेबर ४५,५०० आणि लिबरल ४४,५००. सुरुवातीला सहा हजारांनी मागे असलेला उमेदवार जिंकला, कारण या दोघांपैकी कोण चालेल असे प्रत्येक मतदाराला विचारले तर अधिक जणांचे उत्तर लेबर असे होते.

ही पद्धत आली कशी, हेही सांगण्यासारखे आहे. ऑक्टोबर १९१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील स्वान मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. लेबरविरोधी मते नॅशनलिस्ट आणि शेतकऱ्यांच्या उमेदवारात विभागली गेली आणि एडविन कॉर्बॉय हा लेबरचा अगदी तरुण उमेदवार सुमारे ३४ टक्के मतांवर निवडून आला. हादरलेल्या नॅशनलिस्ट सरकारने त्याच वर्षी पसंतीक्रमाची पद्धत कायद्यात आणली. नियम आला तो पक्षाच्या सोयीसाठी, पण कालांतराने त्याचा लाभ सर्वांनाच झाला. याच स्वान मतदारसंघातून २०२२ मध्ये लेबरच्या झनेटा मास्करेन्हास निवडून आल्या. त्यांचे कुटुंब मूळचे गोमंतकीय वंशाचे आहे, आणि २०२५ मध्येही त्यांनी ती जागा राखली.

पसंतीक्रमामुळे भांडणाचा सूर बदलतो. प्रतिस्पर्धी पक्षाच्या मतदाराला फार दुखावून चालत नाही, कारण त्याची दुसरी किंवा तिसरी पसंती उद्या उपयोगी पडणार असते. लहान पक्षाला मत दिल्याने ते वाया जात नाही, त्यामुळे तिथला मतदार पहिल्या क्रमांकावर मनापासून आवडणारा उमेदवार ठेवू शकतो. २०२२ मध्ये लेबरला देशभरात पहिल्या पसंतीची ३३ टक्क्यांहूनही कमी मते मिळाली, तरी १५१ पैकी ७७ जागा जिंकून त्यांनी सरकार बनवले. त्याच निवडणुकीत मेलबर्नच्या कूयाँग या लिबरल बालेकिल्ल्यात डॉक्टर मोनिक रायन या अपक्ष उमेदवाराने तेव्हाचे अर्थमंत्री जॉश फ्रायडेनबर्ग यांचा पराभव केला. पहिल्या पसंतीत लेबर किंवा ग्रीन्सला पसंत करणाऱ्यांचे पुढचे क्रमांक रायन यांना लाभले. २०२५ मध्ये लेबरने सुमारे ३५ टक्के पहिल्या पसंतीवर १५० पैकी ९४ जागा जिंकल्या आणि विरोधी पक्षनेते पीटर डटन यांना स्वतःची जागाही राखता आली नाही. प्रत्येक निकालानंतर ‘एवढ्या कमी मतांवर सरकार कसे?’ असा प्रश्न समाजमाध्यमांवर येतो, आणि कोणीतरी वर दिले तसे उदाहरण घेऊन उत्तर देते.

यासंबंधीचा एक गैरसमज मात्र हटता हटत नाही: ‘अमुक पक्षाने आपली प्रेफरन्स तमुक पक्षाला दिली, म्हणजे माझे मत तिकडे गेले.’ प्रतिनिधिगृहाच्या मतदानात असे घडत नाही. केंद्राबाहेर पक्षाचे कार्यकर्ते क्रम कसा लावावा याची चिठ्ठी हातात देतात, तो फक्त सल्ला असतो. मतपत्रिकेवरचे आकडे मतदार लिहितो आणि तेवढेच मोजले जातात. या गैरसमजाला इतिहासाचा थोडा आधार आहे. सिनेटच्या निवडणुकीत २०१६ पर्यंत मतदाराने पक्षासमोर फक्त १ लिहिले की पुढचा क्रम खरोखरच पक्ष ठरवीत असे. त्यातून २०१३ मध्ये व्हिक्टोरियातून मोटारशौकिनांच्या एका पक्षाचे रिकी म्युअर अर्ध्या टक्क्याच्या जवळपास पहिल्या पसंतीवर सिनेटर झाले. त्यानंतर २०१६ मध्ये कायदा बदलून तो अधिकार मतदाराकडे देण्यात आला.

घराचा प्रश्न हा सर्व वादांतला सर्वांत तापणारा आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे दोन तृतीयांश कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात, कर्जासह किंवा कर्जाशिवाय, आणि साधारण तीस टक्के भाड्याने राहतात. बहुतेक गृहकर्जे बदलत्या व्याजदराची असल्याने रिझर्व्ह बँकेचा निर्णय काही आठवड्यांत हप्त्यावर उमटतो. मे २०२२ पूर्वी ०.१० टक्क्यावर असलेला दर नोव्हेंबर २०२३ मध्ये ४.३५ टक्के झाला. तेवढ्या काळात हप्ते कसे फुगले असतील याची कल्पना कर्ज असलेल्या कोणालाही येईल. भाडेकरू म्हणतो की भाडे परवडत नाही आणि स्वतःच्या घरासाठी आगाऊ रक्कम साठत नाही. घरमालक म्हणतो की माझाही हप्ता वाढला. आणि दोघांच्या मध्ये येतो तो निगेटिव्ह गिअरिंगचा नियम, म्हणजे भाड्याने दिलेल्या घरातला तोटा इतर उत्पन्नातून वजा करून कर वाचवण्याची सवलत.

२०२४–२५ या आर्थिक वर्षाचे नियम घेऊन हे पाहू. एका पगारदार व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न १,२०,००० डॉलर आहे. तिने कर्ज काढून दुसरे घर घेतले आणि भाड्याने दिले. वर्षाचे भाडे ३०,००० डॉलर येते. कर्जाचे व्याज ३८,००० आणि विमा, स्थानिक कर, एजंटचे कमिशन, दुरुस्ती मिळून ७,००० डॉलर, म्हणजे एकूण खर्च ४५,००० होतो. घरात १५,००० डॉलरचा तोटा झाला. हा संपूर्ण तोटा पगारातून वजा करता येतो, त्यामुळे करपात्र उत्पन्न १,०५,००० राहते. या टप्प्यावर कराचा दर ३० टक्के असल्याने ४,५०० डॉलरचा आयकर वाचतो. तरीही खिशातून १०,५०० डॉलर गेलेच. मग माणूस दरवर्षी तोटा का सोसतो? कारण त्याचा डोळा घराच्या वाढत्या किमतीवर असतो. १९९९ मध्ये लिबरल पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने केलेल्या बदलानुसार, एक वर्षाहून अधिक काळ धरलेली मालमत्ता विकल्यावर झालेल्या नफ्यापैकी निम्माच करपात्र धरला जाऊ लागला. घर तीन लाख डॉलर नफ्याने विकले, तर दीड लाखच उत्पन्नात मिळवायचे. तोटा पूर्ण वजा आणि नफा अर्धाच करपात्र, या जोडीमुळे हा व्यवहार आकर्षक होतो. भारतात २०१७ पासून जुन्या करपद्धतीत घरापासूनचा तोटा इतर उत्पन्नातून वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंतच वजा करता येतो. ऑस्ट्रेलियातील या नियमाला तशी कमाल मर्यादा नव्हती.

या सवलतीच्या विरोधकांचे म्हणणे असे की, यामुळे पहिले घर घेऊ पाहणारे तरुण जोडपे लिलावात ज्याच्याशी बोली लावते त्या गुंतवणूकदाराला सरकारी तिजोरीतून मदत मिळते. समर्थक म्हणतात की, भाड्याची घरे हेच गुंतवणूकदार पुरवतात, आणि ते मागे हटले तर भाडे आणखी वाढेल. या दुसऱ्या युक्तिवादासाठी नेहमी १९८५ चा दाखला दिला जातो. त्या वर्षी लेबरच्या हॉक–कीटिंग सरकारने ही वजावट बंद केली आणि १९८७ मध्ये परत सुरू केली. मधल्या काळात सिडनी आणि पर्थमध्ये भाडी झपाट्याने वाढली हे खरे, पण बाकीच्या बहुतेक शहरांत तसे घडले नाही, हेही तितकेच खरे. देशभर एकच नियम बदलला असताना परिणाम दोनच शहरांत दिसत असेल, तर कारण त्या शहरांतल्या घरांच्या टंचाईत शोधावे लागते. हे उत्तर गेली कित्येक वर्षे दिले जात असूनही १९८५ चा दाखला तसाच फिरत राहतो, याचे मला वाईट वाटते.

राजकीय बाजूने पाहिले तर आकडे स्पष्ट आहेत. सुमारे २२ लाख लोकांकडे गुंतवणुकीचे घर आहे, आणि मत सर्वांनाच द्यायचे आहे. बिल शॉर्टन यांच्या नेतृत्वाखाली लेबरने २०१६ आणि २०१९ मध्ये ही सवलत आखडती घेण्याचा कार्यक्रम मांडला आणि दोन्ही निवडणुका हरल्या. दुसरी तर सर्व पाहण्यांनी त्यांच्या पारड्यात टाकलेली होती. २०२५ मध्ये त्याच पक्षाने या नियमाला हात लावणार नाही असे सांगत पहिल्या घरासाठी पाच टक्के आगाऊ रकमेची योजना आणि जुलै २०२४ पासून पाच वर्षांत बारा लाख घरे बांधण्याचे उद्दिष्ट यांवर प्रचार केला.

२०१९ च्या पराभवामागे आणखी एक गोष्ट होती. लेबर सत्तेवर आल्यास ‘मृत्यू कर’ लावणार, म्हणजे आईवडिलांच्या मागे आलेल्या मालमत्तेवर कर घेणार, असा मजकूर फेसबुकवर वणव्यासारखा पसरला. लेबरच्या कार्यक्रमात असे काहीही नव्हते. संघीय वारसा कर १९७९ मध्येच रद्द झालेला आहे. तीन वर्षे आधी, २०१६ मध्ये, लेबरच्या बाजूनेही असाच प्रकार झाला होता: मतदानाच्या दिवशी लोकांच्या फोनवर मेडिकेअरच्या नावाने संदेश आले की सरकार या योजनेचे खासगीकरण करणार आहे. जो मतदार बातम्या कमी पाहतो पण मत देतोच, त्याला शेवटच्या दिवसांत घाबरवणे सोपे असते. सक्तीच्या मतदानाची ही दुबळी बाजू मान्य केली पाहिजे. यावर उपाय दोन ठिकाणी तरी सापडला आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९८५ पासून आणि राजधानी कॅनबेराच्या प्रदेशात २०२१ पासून, राजकीय जाहिरातीत वस्तुस्थितीविषयी दिशाभूल करणारे खोटे विधान करणे कायद्याने गुन्हा आहे. संघीय पातळीवर मात्र २०२५ ची निवडणूकही असा कायदा नसतानाच झाली. तिथे बंधन आहे ते जाहिरात कोणी अधिकृत केली हे सांगण्याचे. म्हणून रेडिओवरच्या प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी एक आवाज भरभर पक्षाचे, माणसाचे आणि शहराचे नाव म्हणून टाकतो, आणि फेसबुकवरच्या चित्राच्या तळाशी तीच ओळ बारीक अक्षरात असते. सांगणारा कोण हे कळते. सांगितलेले खरे की खोटे हे ठरवायला कोणी नसते. हा उणेपणा गंभीर आहे.

ऑक्टोबर २०२३ चे सार्वमत या संदर्भात पाहावे. मूळनिवासी समाजांना संसद आणि सरकारला सल्ला देणारे एक मंडळ, ‘व्हॉइस’, राज्यघटनेत असावे का, असा प्रश्न होता. ऑस्ट्रेलियात घटनादुरुस्तीसाठी देशातील एकूण बहुमत आणि सहापैकी किमान चार राज्यांत बहुमत, अशा दोन्ही कसोट्या पार कराव्या लागतात, आणि तोवरच्या ४४ प्रस्तावांपैकी आठच पार झाले होते. विरोधी बाजूची सर्वांत परिणामकारक घोषणा होती, ‘माहीत नसेल तर नाही म्हणा’. ज्याला मत देणे भाग आहे पण विषय समजून घ्यायला वेळ झालेला नाही, त्याला तिने सरळ बाहेर पडण्याची वाट दाखवली. सुमारे साठ टक्के मते विरोधात पडली आणि सहाही राज्यांनी प्रस्ताव नाकारला. विरोधकांत मूळनिवासी नेतेही होते, हे विसरून या निकालाचा एकच अर्थ लावणे चुकीचे ठरेल.

त्याच काळात निवडणूक आयोगावर झालेला आरोप जवळून पाहण्यासारखा आहे. मतपत्रिकेवर ‘येस’ किंवा ‘नो’ असे लिहायचे होते. कोणी बरोबरची खूण केली तर ती ‘येस’ धरली जाईल, पण फुली मारली तर मत बाद होईल, असे आयोगाने सांगितले, आणि लगेच ‘निकाल फिरवण्याचा डाव’ असे मथळे फिरू लागले. वस्तुतः हा नियम कित्येक दशकांचा होता, आणि त्याचे कारणही साधे होते: अनेक अर्जांवर लोक आपली निवड फुलीनेच दाखवतात, त्यामुळे फुलीचा अर्थ हो की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. प्रकरण संघीय न्यायालयात गेले आणि आयोगाची बाजू टिकली. मतदान केंद्रावर पेन्सिली का ठेवतात, खोडून बदलता यावे म्हणून का, हा प्रश्नही दर निवडणुकीला येतो. आयोगाचे कर्मचारी समाजमाध्यमांवर एकेका माणसाला शांतपणे उत्तर देतात की पेन्सिल सुकत नाही आणि शाईसारखी पसरत नाही. मोजणीच्या वेळी पक्षांचे प्रतिनिधी हजर असतात. हवे असल्यास आपला पेन आणावा. सरकारी संस्थेने इतक्या चिकाटीने सामान्य माणसाशी बोलत राहणे मला फार मोलाचे वाटते.

बोलण्याच्या स्वातंत्र्याविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत भारताच्या कलम १९ सारखे अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे स्वतंत्र कलम नाही. १९९२ पासून उच्चतम न्यायालयाने इतकेच म्हटले आहे की निवडणुकीने सरकार निवडायचे असेल, तर राजकीय विषयांवर मोकळेपणाने बोलता आले पाहिजे, हे घटनेत गृहीतच आहे. दुसरीकडे बदनामीचा कायदा कडक आहे. २०२१ मध्ये मंत्री असलेल्या पीटर डटन यांनी सहा शब्दांच्या एका ट्वीटवरून दावा जिंकला आणि त्यांना ३५,००० डॉलर भरपाई मंजूर झाली. पुढच्या वर्षी अपिलात तो निकाल उलटला. सप्टेंबर २०२१ मधील व्होलर खटल्यात उच्चतम न्यायालयाने असा निर्णय दिला की, वृत्तसंस्थेच्या फेसबुक पानावर वाचकांनी लिहिलेल्या प्रतिक्रियांचीही ती संस्था प्रकाशक ठरू शकते. त्यानंतर अनेकांनी आपल्या पानांवरच्या प्रतिक्रिया बंद केल्या, त्यांत टास्मानियाचे तेव्हाचे मुख्यमंत्रीही होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, बातम्यांसाठी वृत्तसंस्थांना मोबदला द्यावा लागेल अशा कायद्याला विरोध म्हणून फेसबुकने देशातल्या सगळ्या बातम्या काही दिवस अडवल्या होत्या, आणि त्या फटक्यात हवामान खात्याची व राज्यांच्या आरोग्य विभागांची पानेही कोरी झाली होती. १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली. कसूर केल्यास दंड ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत आहे. मुलांना किंवा पालकांना दंड नाही.

मराठी माणसाचा या सर्वाशी प्रत्यक्ष संबंध स्थलांतराच्या वादात येतो. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले ६,७३,००० लोक होते, म्हणजे परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडच्या खालोखाल. सिडनीतील हॅरिस पार्क किंवा मेलबर्नमधील टार्नीट अशा उपनगरांत भारतीयांची संख्या नजरेत भरते. ३१ ऑगस्ट २०२५ रोजी अनेक शहरांत स्थलांतरविरोधी मोर्चे निघाले, तेव्हा त्यांच्या प्रचारपत्रकात भारतीयांचा नाव घेऊन उल्लेख होता. त्यानंतर काही दिवसांतच लिबरल सिनेटर जसिंटा नम्पिजिन्पा प्राइस यांनी, भारतीय लोक लेबरला मत देतात म्हणून सरकार त्यांना येऊ देते, अशा आशयाचे विधान केले. वाद पेटला, आणि पक्षनेत्यावर विश्वास व्यक्त करण्यास त्यांनी नकार दिल्यावर त्यांना छाया मंत्रिमंडळातून, म्हणजे विरोधी पक्षाच्या प्रमुख प्रवक्त्यांच्या गटातून, वगळण्यात आले. वंशाच्या आधारे स्थलांतरितांची निवड करण्याचे धोरण त्या देशाने १९७३ मध्येच पूर्णपणे सोडले आहे, आणि व्हिसावर किंवा कायम रहिवासी म्हणून राहणाऱ्या भारतीयाला संघीय निवडणुकीत मतच नसते. ते मिळते नागरिकत्व घेतल्यावर, म्हणजे साधारणपणे किमान चार वर्षांच्या वास्तव्यानंतर, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने त्यासाठी भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. पुण्या-नाशिकहून गेलेल्या कित्येक घरांत हा निर्णय वर्षानुवर्षे रेंगाळतो. तोवर त्यांच्याविषयी चाललेल्या निवडणुकीच्या वादात त्यांना आकडा लिहिण्याची सोय नसते.

या वादात दोन वेगवेगळे आकडे एकमेकांत मिसळले जातात, आणि बहुतेक भांडण तिथेच जन्मते. पहिला आकडा कायम वास्तव्याच्या व्हिसांचा. सरकार तो दरवर्षी ठरवते, आणि २०२५–२६ साठी तो १,८५,००० होता. त्यांतला मोठा भाग आधीपासूनच देशात नोकरी करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या लोकांना मिळतो, म्हणजे त्या व्हिसांमुळे लोकसंख्येत नवी भर पडत नाही. दुसरा आकडा निव्वळ स्थलांतराचा. सोळा महिन्यांच्या काळात किमान बारा महिने देशात राहणारा प्रत्येक जण त्यात आलेला म्हणून मोजला जातो आणि तितकाच काळ बाहेर राहणारा गेलेला म्हणून. त्यामुळे विद्यार्थी, तात्पुरते कामगार आणि परतलेले ऑस्ट्रेलियन नागरिकही त्यात येतात. करोनाकाळात सीमा बंद असताना हा आकडा शून्याखाली गेला होता. सीमा उघडल्यावर विद्यार्थी एकदम आले, पण जुन्या विद्यार्थ्यांची परत जाणारी तुकडी तेव्हा अस्तित्वातच नव्हती, म्हणून २०२२–२३ मध्ये तो पाच लाखांच्या वर गेला आणि पुढच्या दोन वर्षांत उतरत गेला. सरकारचा समर्थक पहिला आकडा सांगतो, विरोधक दुसऱ्याचे शिखर सांगतो, आणि दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात. भाडे मात्र आज प्रत्यक्ष देशात असलेल्या माणसांच्या आणि उपलब्ध घरांच्या संख्येवर ठरते. त्यामुळे भाड्याच्या वादात दुसरा आकडा लागू पडतो, आणि देशात कायमचे कोण स्थायिक होणार या वादात पहिला.